कर्ता गेल्यावर

घरांतलें कर्तें माणूस एकाएकीं गेलें म्हणजे मागें राहिलेल्यांपुढें दोन प्रश्न उभे राहतात. अपराध कोणाचा, हा एक. आणि उद्यां चूल कशी पेटायची, हा दुसरा. मृत्यु जर वार्धक्यानें किंवा असाध्य रोगानें आलेला असेल तर पहिला प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु गाडीवानाच्या बेफिकिरीनें, मालकाच्या काटकसरीनें किंवा वैद्याच्या हलगर्जीपणानें आलेला मृत्यु दैवाच्या माथीं मारून मोकळें होतां येत नाहीं. हा टळला असता, ही जाणीव त्या घरांत कायमची ठाण मांडून बसते. बहुतेक राज्यव्यवस्थांनीं यांपैकीं पहिल्या प्रश्नाचा विचार फार प्राचीन काळापासून केलेला आढळतो. दुसऱ्या प्रश्नाकडे कायद्याचें नीट लक्ष जाण्याला मात्र एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आणि लक्ष गेल्यावरही कागदावरचा हक्क विधवेच्या पदरांत प्रत्यक्ष पडूं लागण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षें गेलीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघाताविषयीं एक लहानसें प्रकरण आहे. बैलाची वेसण तुटली, जूं मोडलें, आंस मोडला, चाक मोडलें, अथवा हांकणाऱ्यानें 'बाजूला व्हा' म्हणून ओरडून सांगितलें असतांही कोणी वाटेंत आला, अशा दहा प्रसंगीं कोणालाही दंड नाहीं. हांकणारा अडाणी असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकाला, दोनशें पण. हांकणारा जाणता असून चुकला तर दंड त्याचा त्याला. इतकेंच नव्हे, तर अडाणी माणसाच्या हातीं कासरे देऊन गाडींत बसणाऱ्यांनाही प्रत्येकीं शंभर पण! मालकाची जबाबदारी, चालकाची जबाबदारी आणि कोणाच्याच हातीं नसलेला अपघात, हे तिन्ही भेद इतक्या स्पष्टपणें त्या काळीं केलेले पाहून आजच्या मोटार-कायद्याच्या अभ्यासकालाही नवल वाटावें. त्याच अध्यायांत, कोणाच्या वस्तूची हानि केल्यास धन्याचें समाधान करावें व तितकाच दंड राजाला द्यावा, आणि कोणास जखमी केल्यास औषधपाण्याचा खर्च सोसावा, असेंही सांगितलें आहे. पण गाडीखालीं माणूस मेला तर? तर अपराध चोराच्या बरोबरीचा, आणि दंड राजकोशांत. मृताच्या बायकोमुलांचा तेथें उल्लेखच नाहीं. वस्तु फुटली तर धन्याला भरपाई, हात मोडला तर जखमीला खर्च, आणि जीव गेला तर घराला कांहीं नाहीं, अशी ही विचित्र उतरंड आहे.

धर्मसूत्रांत यापेक्षां जुनी अशी एक प्रथा दिसते. क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार गाई, वैश्याच्या वधाबद्दल शंभर आणि शूद्राच्या वधाबद्दल दहा गाई वैर फेडण्यासाठीं द्याव्या, असें आपस्तंब सांगतो. जिवाची किंमत वर्णावर ठरविणाऱ्या त्या हिशेबाबद्दल वेगळें बोलण्याची गरज नाहीं. या गाई मूळांत मृताच्या कुळाला मिळत असाव्या, असा 'वैर' या शब्दावरून तर्क होतो. पण बौधायनानें त्या राजाला द्याव्या असें स्पष्टच म्हटलें आहे. म्हणजे कुळाचा हक्क हळूहळू राजाकडे गेला आणि तेथेंच राहिला. इंग्लंडांतही याहून निराळें घडलें नाहीं. तेथें पूर्वीं वध करणाऱ्यानें मृताच्या नातलगांना ठराविक रक्कम द्यावी अशी रूढि होती. राजसत्ता बळावली तशी ती मागें पडली आणि शिक्षा व जप्ती एवढेंच शिल्लक उरलें.

इंग्रजी कायद्यांत एक चमत्कारिक अवशेष मात्र १८४६ पर्यंत टिकून होता. त्याचें नांव 'डिओडँड', म्हणजे ईश्वराला अर्पण करावयाची वस्तु. ज्या वस्तूच्या योगानें माणूस मेला ती वस्तु, मग ती गाडीचें चाक असो, घोडा असो कीं झाडाची फांदी असो, राजाकडे जमा व्हावयाची. पुढें वस्तूऐवजीं तिची किंमत घेऊं लागले. आगगाडी येईपर्यंत या नियमाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं, कारण बैलगाडीच्या चाकाची किंमत ती काय असणार? पण १८४१ च्या २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशीं पहांटे, ग्रेट वेस्टर्न रेल्वेची एक मालगाडी लंडनहून निघून सॉनिंग येथील खिंडींत आली. पावसानें दरड रुळांवर कोसळली होती. त्या मालगाडीला तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचे उघडे डबे जोडलेले होते, आणि तेही इंजिन व जड मालाचे डबे यांच्यामध्यें. उतारूंमध्यें पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे पाथरवट सणासाठीं घरीं चालले होते. इंजिन दरडीवर आदळलें, मागचा माल पुढें लोटला, आणि मधलीं माणसें चिरडलीं गेलीं. आठ जण जागींच ठार झाले व एक मागाहून वारला. मरणाची चौकशी करणाऱ्या ज्यूरीनें इंजिन व डबे यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड बसविला. कंपनीवरचा राग यांतून चांगलाच व्यक्त झाला. पण ती रक्कम कायद्यानें पाथरवटांच्या विधवांची नव्हतीच. तीन वर्षांनीं, १८४४ मध्यें, तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना बसावयास जागा व डोक्यावर छप्पर द्यावें असा कायदा पार्लमेंटनें केला. चिरडल्या गेलेल्यांच्या मुलांना मात्र त्यानेंही कांहीं मिळालें नाहीं.

त्यांना दिवाणी न्यायालयांत दावा लावतां येत नव्हता काय? नव्हता, आणि त्याचें कारण १८०८ सालचा एक निकाल. बेकर विरुद्ध बोल्टन या नांवानें तो कायद्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध आहे. वादी हा एक खानावळ व मद्यगृह चालविणारा मनुष्य. तो आणि त्याची पत्नी एका भाडोत्री घोडागाडीच्या टपावर बसून जात असतां गाडी उलटली. त्याला खरचटलें, पत्नी जबर जखमी होऊन महिन्याभरानें रुग्णालयांत वारली. धंद्यांत तिचा त्याला मोठा आधार होता. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनीं ज्यूरीला बजावलें कीं, वादीच्या स्वतःच्या दुखापतीचा, आणि पत्नी जिवंत असेपर्यंत तिच्या साहचर्याला तो मुकला त्याचा, एवढाच विचार करावा. तिच्या मृत्यूच्या क्षणाला हिशेब संपला, कारण दिवाणी न्यायालयांत मनुष्याचा मृत्यु ही दाद मागण्याजोगी हानि नव्हे. या नियमाला त्यांनीं आधार म्हणून एकही पूर्वींचा निकाल दाखविला नाहीं. तरी पुढें जवळजवळ चाळीस वर्षें तो वज्रलेप होऊन बसला. परिणाम असा झाला कीं, उतारूचा पाय तोडणें कंपनीला महाग आणि त्याला ठार करणें स्वस्त! ही थट्टा नसून त्या वेळच्या कायद्याचें सरळ गणित होतें.

तो निकाल न्यायालयांत बसून टिपून घेणारा आणि आपल्या निकालसंग्रहांत छापणारा एक तरुण वकील होता, जॉन कॅम्बेल. पुढें तो लॉर्ड कॅम्बेल झाला. आणि १८४६ मध्यें त्यानेंच पुढाकार घेऊन तो नियम पार्लमेंटकडून मोडून काढविला. त्याच वर्षीं डिओडँडही रद्द झाला. लॉर्ड कॅम्बेलचा कायदा लहानसा आहे. मृत मनुष्य जगला असता तर ज्या चुकीबद्दल त्याला दावा लावतां आला असता, त्याच चुकीबद्दल त्याच्या मृत्यूनंतर पत्नी, पति, आईबाप व मुलें यांच्यासाठीं दावा लावतां यावा. सर्वांसाठीं मिळून दावा एकच असावा. तो बारा महिन्यांच्या आंत लावावा. आणि मिळालेली रक्कम ज्यूरीनें सर्वांत वांटून द्यावी.

पण हानि म्हणजे काय, हें त्या कायद्यांत नीट सांगितलें नव्हतें. १८५२ मध्यें मिडलंड रेल्वेवरील अपघातांत मरण पावलेल्या एका गृहस्थाच्या विधवेला ज्यूरीनें चार हजार पौंड दिले. वरच्या न्यायालयानें तो निकाल फिरविला आणि पुन्हां चौकशीचा हुकूम केला. दुःखाची किंमत या कायद्यानें द्यावयाची नाहीं. मृताच्या मिळकतींतून घराला जें येत होतें व पुढें आलें असतें तेवढेंच मोजावयाचें, असा दंडक त्या दिवसापासून पडला. हा दंडक कठोर खरा. तथापि ज्या न्यायाधीशांनीं तो घातला त्यांची अडचणही समजण्यासारखी आहे: अश्रूंचा तराजू कोणत्या बाजारांतून आणावयाचा?

इंग्लंडचा हा कायदा हिंदुस्थानांत येण्यास फार वेळ लागला नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धांवली, आणि दोन वर्षांच्या आंत, २७ मार्च १८५५ रोजीं, कलकत्त्यास त्या वर्षाचा तेरावा कायदा पास झाला. प्राणघातक अपघाताचा कायदा म्हणून तो आजही वकिलांच्या तोंडीं आहे. शब्द बहुतेक लॉर्ड कॅम्बेलचेच होते, आणि तेथेंच घोटाळा होता. विलायतेंतील कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलें आणि फार तर म्हातारे आईबाप. येथें एका कमावत्या माणसाच्या मिळकतीवर धाकटे भाऊ शिकत असत, विधवा बहीण व तिचीं मुलें जगत असत, एखादी निराधार आत्या स्वयंपाकघर सांभाळीत असे. या कोणालाही कायद्याच्या यादींत स्थान नव्हतें. एकत्र कुटुंबाच्या देशाला विभक्त कुटुंबाचा अंगरखा शिवून आणला, तो अंगाला बसेना. भाऊ हाही मृताचा कायदेशीर प्रतिनिधि म्हणून भरपाई मागूं शकतो, हें मोटार अपघातापुरतें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें तें १९८७ मध्यें, म्हणजे एकशें बत्तीस वर्षांनीं.

त्याच काळांत भोर घाटाचें काम चाललें होतें. १८६३ मध्यें तो घाट आगगाडीला खुला होईपर्यंत सुरुंग, दरडी, ताप आणि पटकी यांनीं हजारों मजूर मृत्युमुखीं पडले. त्यांतील एखाद्या मजुराच्या बायकोला असा कांहीं कायदा आहे हें कळण्याचा तरी कोणता मार्ग होता? आणि कळलें असतें तरी पुढें काय? दावा लावण्यास मुद्रांक-शुल्क लागे व तें मागितलेल्या रकमेच्या मानानें चढे. वकिलाला पैसे लागत. साक्षीदार कंपनीचे नोकर असत. आणि मुदत वर्षाची. ज्याच्यापाशीं पैसे नाहींत त्याला 'पॉपर' म्हणजे नादार म्हणून दावा लावण्याची सोय दिवाणी कायद्यांत होती. पण १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतींत नादार कोण, तर दाव्याचें शुल्क भरण्याइतकी ऐपत ज्याच्यापाशीं नाहीं तो; आणि शुल्क ठरलेलें नसेल तेथें, अंगावरचे जरुरीचे कपडे व दाव्याची बाब सोडून ज्याच्यापाशीं शंभर रुपयांची मत्ता नाहीं तो. नवऱ्यामागें घरांत राहिलेलीं चार भांडीं आणि गळ्यांतलें सोनें यांतून शुल्क भागेल असें ठरलें कीं विधवा कायद्याच्या दृष्टीनें संपन्न! शिवाय ही सवलत शुल्कापुरती होती. वकील कोठून आणावयाचा तो आणावा. १९७६ मध्यें ही शंभर रुपयांची मर्यादा हजार रुपयांवर नेली गेली व 'नादार' हा जुना अपमानकारक शब्दही बदलण्यांत आला.

कामगाराच्या घरावर तर दुहेरी संकट होतें. १८३७ मध्यें इंग्लंडांत एका खाटकाच्या नोकरानें मालकाच्या फार भरलेल्या गाडीवरून पडून मांडी मोडल्याबद्दल दावा लावला, आणि तो हरला. त्या निकालांतून असें तत्त्व निघालें कीं, एका नोकराच्या चुकीनें दुसऱ्या नोकराला इजा झाली तर मालक जबाबदार नाहीं. गिरणींत, खाणींत, रेल्वेंत बहुतेक अपघात हे कोणा ना कोणा सहकाऱ्याच्याच हातून होणार. मृत कामगार स्वतः जगला असता तरी त्याला दावा लावतां आला नसता, म्हणून त्याच्या विधवेलाही लावतां येईना. या कोंडींतून खरी वाट निघाली ती १८९७ च्या इंग्रजी कायद्यानें. त्यानें चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवला. काम करतांना, कामामुळें अपघात झाला ना? मग कांहीं धोक्याच्या धंद्यांत तरी मालकानें ठराविक रक्कम द्यावी.

हिंदुस्थानांत या धर्तीचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्यें झाला व १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. मध्यवर्ती विधिमंडळांत त्या वेळीं कामगारांचे प्रतिनिधि म्हणून मुंबईचे नारायण मल्हार जोशी बसत होते. प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांत जें कमी असेल तें, अशी भरपाई ठरली. रक्कम मोठी नव्हती. पण या कायद्यांतील खरें शहाणपण रकमेंत नाहीं, तें रक्कम पोंचविण्याच्या रीतींत आहे. मृत कामगाराची भरपाई मालकानें परस्पर कुटुंबाच्या हातीं द्यावयाची नाहीं. ती कमिशनर नांवाच्या अधिकाऱ्याकडे जमा करावयाची. परस्पर दिलेली रक्कम दिली असें धरलेंच जाणार नाहीं. कमिशनरनें वारस कोण याची चौकशी करून प्रत्येकाचा हिस्सा ठरवावा, आणि बाईचा किंवा अज्ञान मुलांचा पैसा त्यांच्या हितासाठीं गुंतवून ठेवावा. शोकानें बधिर झालेल्या बाईपुढें पन्नास रुपये ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणें किती सोपें असतें, आणि नंतर दीर, मामा, सावकार, दलाल यांची रांग कशी लागते, हें ज्यांनीं हें कलम लिहिलें त्यांना पुरतें ठाऊक असलें पाहिजे.

दहा वर्षांनीं, १९३३ च्या दुरुस्तीनें आणखी दोन गोष्टी झाल्या. कामगार दारूच्या अमलाखालीं होता किंवा त्यानें जाणूनबुजून नियम मोडला, अशी सबब सांगून मालकाला सुटतां येई. ती सबब मृत्यूच्या बाबतींत काढून टाकण्यांत आली. मेलेल्या माणसाला तो शुद्धींत होता हें सिद्ध करण्यासाठीं परत येतां येत नाहीं. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. कामगार अपघातानें मेल्याची बातमी कोठूनही कानीं आली तर कमिशनरनें आपण होऊन मालकाला पत्र पाठवावें आणि भरपाई देण्यास तो बांधलेला आहे कीं नाहीं याचें उत्तर तीस दिवसांत मागवावें. मालकानें नाकबूल केलें तर चौकशी करून, तुम्हांला दावा करतां येईल, असें त्या कुटुंबाला कळवावें. इतकीं शतकें विधवेनें न्यायालयाचें दार शोधीत हिंडावें अशी रीत होती. येथें प्रथमच सरकारी अधिकाऱ्यानें तिचें दार शोधीत जाण्याची तरतूद झाली. हा कायदा पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत मिळविण्यांत आला.

कायद्याच्या कक्षेबाहेरचीं संकटेंही असतात, आणि मुंबईकरांना त्यांतलें एक विसरतां येण्यासारखें नाहीं. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज उभें होतें. त्यांत दारूगोळा होता, आणि कराचीस भरलेल्या कापसाच्या गांठीही होत्या. ज्वालाग्राही कापूस आणि स्फोटकें एकाच जहाजांत ठेवूं नयेत हें समजण्यास तज्ज्ञाची जरुरी नव्हती. युद्धाच्या घाईंत तें झालें. दुपारीं आग लागली आणि पाठोपाठ झालेल्या दोन प्रचंड स्फोटांनीं गोदी व भोंवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. मृतांचा नक्की आंकडा कधींच लागला नाहीं. शेंकडों माणसें गेलीं, त्यांत आग विझविण्यास धांवलेले सहासष्ट अग्निशामक होते. अशा प्रसंगीं कोणी कोणावर दावा लावावा? त्याच वर्षीं सरकारला मुंबईच्या स्फोटांतील भरपाईसाठीं खास वटहुकूम काढावा लागला. मोठ्या सामूहिक दुर्घटनेंत सामान्य दिवाणी दावा हें साधन पुरें पडत नाहीं, याचा हा धडा होता; तो चाळीस वर्षांनीं भोपाळला पुन्हां शिकावा लागला.

गरिबाला फुकट वकील मिळावा ही कल्पनाही मुंबईंत जुनी आहे. बाँबे लीगल एड सोसायटी १९२४ मध्यें, म्हणजे कामगार भरपाईचा कायदा अमलांत आला त्याच वर्षीं, स्थापन झाली. धर्मार्थ दवाखान्यासारखी ही धर्मार्थ वकिली. चांगली, पण दात्याच्या सवडीवर अवलंबून. १९४९ मध्यें, ज्या वर्षीं इंग्लंडनें कायदेविषयक साहाय्याचा कायदा केला त्याच वर्षीं, मुंबई सरकारनें न्यायमूर्ति नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं या विषयावर एक समिति नेमली. तिच्या अहवालावर लगेच फारसें कांहीं झालें नाहीं. परंतु त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ति प्रफुल्लचंद्र भगवती यांनीं १९७० मध्यें गुजरातेंत अशाच समितीचें काम पाहिलें व पुढें सर्वोच्च न्यायालयांत हा विषय नेटानें पुढें रेटला. बापानें आरंभिलेलें काम मुलानें तडीस नेल्याचें असें उदाहरण सरकारी अहवालांच्या जगांत विरळाच.

दरम्यान रस्त्यावर मोटारी वाढल्या होत्या. १९३९ च्या मोटार कायद्यानें त्रयस्थाच्या इजेसाठीं विमा सक्तीचा केला, पण युद्धामुळें तो भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला. याचें महत्त्व असें कीं, ठोकर देणारा कफल्लक निघाला म्हणून विधवेचा हुकूमनामा कपाटांत पडून राहण्याचा प्रसंग टळला. तरी दावा दिवाणी न्यायालयांतच चाले. १९५६ च्या दुरुस्तीनें त्यासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. शुल्क अल्प, पद्धति सुटसुटीत. १९८२ मध्यें, चूक कोणाचीही असो, मृत्यूबद्दल निदान पंधरा हजार रुपये मिळावे असें ठरलें. १९९४ पासून तर पोलिसांनीं पाठविलेला अपघाताचा अहवाल हाच कुटुंबाचा अर्ज समजावा अशी सोय झाली. १९३३ च्या त्या कमिशनरच्या पत्राचाच हा वंशज म्हणावा लागेल.

रक्कम कशी ठरते हें पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतें, म्हणून तें थोडें उलगडून पाहणें बरें. सर्वोच्च न्यायालयानें २००९ च्या सरला वर्मा प्रकरणांत त्याची रीत घालून दिली. समजा, चौतीस वर्षांचा एक मनुष्य महिना वीस हजार रुपये मिळवीत होता आणि घरीं पत्नी, दोन मुलें व आई आहेत. वर्षाचे झाले दोन लाख चाळीस हजार. चार जण अवलंबून असल्यामुळें त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले एक लाख ऐंशीं हजार. त्याच्या वयाला गुणक सोळा. म्हणून अठ्ठावीस लाख ऐंशीं हजार. २०१७ मध्यें न्यायालयानें भावी वाढीचाही विचार करण्यास सांगितलें: कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आंतल्या माणसाच्या मिळकतींत निम्म्याची भर, स्वतंत्र धंदा असेल तर शेंकडा चाळीसांची. शिवाय सहवासाच्या हानीबद्दल चाळीस हजार रुपये. १८५२ मध्यें न मोजलेल्या दुःखाला ही एक लहानशी जागा मिळाली. २०१८ नंतर ती मुलांना व आईबापांनाही लागू झाली.

पण मृत्यु घरांतल्या बाईचा असेल तर? तिला पगार नाहीं, मग गुणायचें कशाला? ३ मार्च १९८९ रोजीं जमशेदपूरला पोलाद कारखान्याच्या संस्थापकदिनीं मंडपाला आग लागली आणि त्यांत अनेक स्त्रिया व मुलें दगावलीं. भरपाई ठरविण्याचें काम सर्वोच्च न्यायालयानें माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्याकडे सोपविलें. गृहिणीच्या सेवेची किंमत त्या अहवालांत वर्षाला बारा हजारांपर्यंत धरली होती. २००१ मध्यें न्यायालयानें ती फार थोडी ठरवून महिना तीन हजार केली. पुढें नवऱ्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा ही बायकोच्या श्रमाची किंमत, अशी एक चाल पडली होती. २०१० मध्यें न्यायालयानें तिच्यावर टीका केली. पहाटे उठून रात्रीं शेवटचा दिवा मालवणाऱ्या बाईचा हिशेब हा एक-तृतीयांश कोणी व कसा काढला, हें खरोखर गूढच आहे.

वैद्यकीय हयगयीच्या प्रकरणांत मात्र असे तयार कोष्टक नव्हतें. १८५५ चा जुना कायदाच उपयोगी पडे, आणि त्याची गति जुनीच. मे १९५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाची मांडी मोडली. त्याला लांबच्या प्रवासानें पुण्यास आणलें. उपचारांत हाड बसवितांना भूल न देतां फार जोर लावल्यानें तो धक्क्यानें दगावला, असें न्यायालयांनीं ठरविलें. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. ते पुण्याच्या न्यायालयांत जिंकले, हायकोर्टांत जिंकले, आणि सर्वोच्च न्यायालयानें शेवटचा निकाल दिला तो १९६८ मध्यें. पंधरा वर्षें, भरपाई तीन हजार रुपये. पण त्या निकालांत डॉक्टराचें रोग्याविषयींचें कर्तव्य काय हें जें सांगितलें, त्याचा आधार पुढें असंख्य कुटुंबांनीं घेतला. वैद्यकीय सेवा ग्राहक-कायद्याखालीं येते असा निर्णय १९९५ मध्यें झाला आणि मग दिवाणी न्यायालयाखेरीज दुसरी वाट मोकळी झाली.

मदत कोणी करावी याप्रमाणेंच ती कशी करावी, हाही प्रश्न आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८५ मध्यें कायदा करून सर्व पीडितांच्या वतीनें भांडण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे घेतला. एकेका विधवेला परदेशी कंपनीशीं झुंजणें अशक्य होतें हें खरें. पण १९८९ च्या फेब्रुवारींत सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली ती ज्यांचीं माणसें गेलीं त्यांना न विचारतां. त्यांचें म्हणणें ऐकावयास हवें होतें, हें सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच वर्षाच्या अखेरीस मान्य केलें. लहान मुलाचा हात धरून नेणें वेगळें आणि मोठ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवून त्याच्या वतीनें बोलणें वेगळें.

आज जो सर्वसाधारण आधार आहे तो १९८७ च्या विधिसेवा कायद्याचा. अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याप्रमाणें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति व जमाति, कारखान्यांतील कामगार आणि सामूहिक दुर्घटनेंत सांपडलेले यांना वकील व न्यायालयाचा खर्च सरकारकडून मिळतो. त्यांतील स्त्रियांना मिळकतीची अट नाहीं. म्हणजे भांडीं मोजण्याचा काळ गेला. प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयांत यासाठीं प्राधिकरण आहे, तालुक्याला समिति आहे. विधवेच्या व अज्ञान मुलांच्या वांट्याची रक्कम बँकेंत मुदतीनें ठेवावी, असा दंडकही न्यायालयांनीं मोटार-प्रकरणांत घातला आहे.

मुदतीचें त्रांगडें मात्र अजून सुटलेलें नाहीं. १८४६ मध्यें ती बारा महिने होती. मोटार अपघाताच्या अर्जाची मुदत आधीं ठराविक होती, १९९४ मध्यें ती साफ काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत पुन्हां आली. तिला सर्वोच्च न्यायालयांत आव्हान देण्यांत आलें आहे. मधल्या काळांत ज्या घरांत वर्षश्राद्ध होईपर्यंत कोणी कपाट उघडून कागद पाहत नाहीं, तेथें पंचनाम्याची नक्कल, शवचिकित्सेचा अहवाल, पगाराचा दाखला आणि जन्माचा पुरावा हे चार कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकीं कोणीतरी पहिल्याच महिन्यांत गोळा करून ठेवावे लागतात.